एक माणूस, तीन कोपरे

मानाच्या विहीणबाईंना लांबूनच दोन्ही हात जोडून नमस्कार. व्याह्यांनाही पोचवा, पण आधी तुम्ही घ्या.

तुमचे गुडघे काय म्हणतात? व्याह्यांचा खोकला गेला, की अजून तुम्ही बोलायला लागलात की त्यांना उबळ येते? (चेष्टा करत नाही. करायची झालीच तर तोंडावर करीन.) इकडे सगळे ठणठणीत. तुमची लेक गालांवर आली आहे. (कोणाच्या हातचं खाऊन ते मी लिहीत नाही, समजणाऱ्याला समजतं.) आपली नात आता चार वर्षांची होईल आणि ‘का?’ या एका शब्दावर अख्खा दिवस काढते. माझा मुलगा नेहमीप्रमाणे संसदेत माईक सांभाळतो. म्हणजे खुर्चीत बसून बोलतात ते मंत्री, पण आवाज बाहेर पडतो तो माझ्या मुलाच्या अंगठ्याखालून. त्याने बटण दाबलं नाही तर देशाचा कारभार म्हणजे नुसते हलणारे ओठ. (त्याने काही चांगलं केलं की तो माझा मुलगा असतो आणि ओला टॉवेल खुर्चीवर टाकला की तुमचे जावई, एवढं लक्षात ठेवलंत की पत्र समजायला सोपं जाईल.) माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे. चष्मा पुसून बसा.

आता मुद्दा. तुम्हाला माहीतच आहे, किंबहुना आमच्याआधी तुम्हालाच कळलं होतं, की ही राजधानी इथून उचलून तुमच्या मोठ्या शहरात न्यायची की नाही हे ठरवायला तीन जणांची समिती यायची होती. म्हणणं असं की हे गाव फार लहान, परदेशी पाहुण्यांना दाखवायला लाज वाटते, राजधानीत कशी माणसांची गर्दी दिसली पाहिजे. राजधानी गेली की संसद जाणार, संसदेमागे माईक, माईकमागे तुमचे जावई, त्यांच्यामागे तुमची लेक आणि आपली नात, आणि शेपटाला मी. तुम्ही तुमच्याच गल्लीत आमच्यासाठी सातव्या मजल्यावरची जागा बघून ठेवलीत, असं सूनबाई बोलता बोलता बोलून गेल्या. लेकीसाठी तुमचा जीव तुटतो, मला का कळत नाही? मीही आईच आहे. पण विहीणबाई, मागे तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा मी जिन्यात भेटेल त्याला ‘काय, कसं काय?’ म्हणायची, आणि माणसं हातातली पिशवी छातीशी धरायची. इथे मी कोपऱ्यावर पाव आणायला गेले तर परत येईपर्यंत पाव शिळा होतो, इतक्या ठिकाणी थांबावं लागतं. तेव्हा सरळच लिहिते. राजधानी जाऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते आणि ती यावी म्हणून तुम्ही. निकाल काय लागला ते आत्ता सांगत नाही. सांगितला तर तुम्ही पत्र घडी करून उशीखाली ठेवाल आणि बाकीची माझी मेहनत वाया जाईल.

पहिल्यांदा आले तेव्हा मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. स्टेशनवरून घरी आलो, चपला काढल्या, तेव्हा मी मुलाला विचारलं, राजधानी इथून किती लांब आहे? तो म्हणाला, आई, आपण तिच्यातून चालत आलो. मी म्हटलं, मग मला सांगायचंस तरी, मी नीट बघितलं असतं! पण मूर्ती लहान, कीर्ती महान म्हणतात ते इथे राहिल्यावर कळतं. माणसं थोडी आणि देशाची कामं मात्र मोठ्या देशाइतकीच, म्हणून इथे ज्याला त्याला दोन नेमणुका. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येतो तोच राष्ट्रीय बँडात ढोल वाजवतो. (म्हणून कोणाचा पाइप फुटला की राष्ट्रगीत ढोलाशिवाय होतं, आणि लोक समजून घेतात.) देशाचे सर्वांत मोठे न्यायाधीश लाँड्रीच्या वर राहतात, आणि ज्याला त्यांनी सकाळी शिक्षा सुनावली त्याची आई संध्याकाळी लाँड्रीत त्यांच्याच रांगेत उभी असते. पण कळस म्हणजे आमचे दंतवैद्य. माझी कवळी सैल झाली म्हणून गेले, तर दारावर भलत्याच देशाचा झेंडा. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या देशाला इथे राहायला तयार असा आपला माणूस मिळेना, म्हणून त्यांनी दंतवैद्यांनाच आपला राजदूत नेमलंय, आणि दवाखाना हाच दूतावास. म्हणजे बघा, जन्मात कधी सीमा ओलांडली नव्हती, ती मी तोंड उघडून ओलांडली! खुर्चीत बसून मी परदेशातलं छत बघत होते. छत आपल्यासारखंच असतं हो. एक पाल होती.

हे गाव राजधानी कसं झालं ते मला न्हावीदादांनी सांगितलं. त्यांच्या दुकानात मी जात नाही, नातीचे केस कापायला नेते आणि ऐकत बसते. फार पूर्वी तुमचं मोठं शहर आणि समुद्राकाठचं ते दुसरं मोठं शहर यांच्यात राजधानी कोणाची यावरून जुंपली. दोन जावांचं तिजोरीच्या किल्ल्यांवरून भांडण, बाकी काही नाही. एकमेकींच्या दारात जाणार नाही म्हणून दोन्हीकडचे पुढारी मध्यावर भेटायला निघाले. मध्यावर हे गाव होतं. गाव म्हणजे एक विहीर, एक खानावळ, नाल ठोकणारा एक लोहार आणि न्हावीदादांचे पणजोबा. पुढारी खानावळीत बसले आणि बसल्या बसल्या इतके भांडले की उठून जायला निघाले. तेव्हा पणजोबांनी काय करावं? ते म्हणाले, लांबचा प्रवास आहे, निदान दाढी तरी करून जा. आणि विहीणबाई, त्या माणसाने प्रत्येकाची अर्धीच दाढी केली! डाव्या गालाला साबण, उजवा गुळगुळीत, आणि वस्तरा धार लावायला म्हणून लोहाराकडे. अर्ध्या दाढीने कुठला पुढारी चारचौघांत जाईल? तसेच बसले. बसले म्हणून बोलले. बोलले म्हणून तह झाला. पण राजधानी कुठे, हे तेव्हाही ठरेना, कारण दुसऱ्याच्या शहरात जाऊन बसायला कोणीच तयार नाही. शेवटी कोणीतरी वैतागून म्हणालं, मग बसलोय तिथेच बसू! खानावळवालीने विचारलं, किती दिवस मुक्काम? ते अजून गेलेले नाहीत. संसदेतलं मधलं टेबल तेच आहे, खानावळीतलं. मुलाने मला सुटीच्या दिवशी नेऊन दाखवलं. त्याच्यावर पाव कापल्याच्या सुरीच्या खुणा आहेत आणि त्या खुणांवर कागद ठेवून पंतप्रधान सही करतात. मी त्या टेबलावर हात ठेवला आणि सवयीने ते पुसूनच घेतलं. आपण आयुष्यभर टेबल पुसतो, विहीणबाई, पण त्याचं पुढे काय होईल ते कोणाला सांगता येत नाही.

(न्हावीदादांच्या पणजोबांचं तैलचित्र संसदेत लावलंय. अर्धंच. चित्रकार म्हणे मधेच वारला. न्हावीदादा म्हणतात, तो योग आहे.)

आता गर्दीबद्दल सांगते, कारण सगळी कथा तिथेच आहे. कानामागून आली आणि तिखट झाली अशी ही राजधानी, त्यामुळे पहिल्याच वर्षी एक परदेशी राजा हिला बघायला यायचा होता आणि गावात माणसं मूठभर. स्टेशनपासून संसदेपर्यंत रस्ता तळ्याला वळसा घालून जातो. त्याच्यावर तीन मोठे कोपरे, बेकरीचा, शाळेचा आणि कारंज्याचा. राजाच्या स्वागताला तीन कोपऱ्यांवर उभी करायला माणसं आणायची कुठून? तेव्हा त्या खानावळवालीने डोकं चालवलं. ती म्हणाली, रस्ता वळशाचा आहे, पण मागच्या बोळातून सरळ गेलं तर आपण राजाच्या आधी पोचतो. बेकरीशी हात हलवा, पळा, शाळेशी हात हलवा, पळा, कारंज्याशी हलवा. तसं झालं. राजाने घरी जाऊन लिहिलं की शहर गजबजलेलं आहे, मात्र इथले लोक दिसायला एकमेकांसारखे आहेत. तेव्हापासून आजतागायत कोणीही मोठा पाहुणा आला की अख्खं गाव तीन वेळा गर्दी करतं. याला इथे कोणी फसवणूक म्हणत नाही. ‘गर्दीला जायचंय’ असं म्हणतात, आपण कामाला जायचंय म्हणतो तसं.

त्याचे नियम आहेत आणि ते कवायतमास्तर सांभाळतात. शाळेतून निवृत्त झाले, पण शिट्टी परत केली नाही. बेकरीशी कोट सुलटा, शाळेशी उलटा, कारंज्याशी कोट हातात आणि टोपी शेजाऱ्याची. बायकांनी शाली बदलायच्या. मिशावाल्यांनी एका कोपऱ्यावर मफलर वर ओढायचा. सगळं बिनचूक होतं, फक्त बेकरीचा काळा कुत्रा तिन्ही ठिकाणी जसाच्या तसा हजर असतो, कारण त्याला उलटा करता येत नाही. प्रत्येक घराची उभं राहायची जागा ठरलेली. मी आले त्या वर्षी मास्तर घरी आले, मला खालून वर बघितलं आणि म्हणाले, आजी, पळता येतं का? मी म्हटलं, पळता येत नाही, पण हात असा हलवते की लांबून दोन बायका वाटतात. तेव्हा मला लाँड्रीची ढकलगाडी मंजूर झाली. धुतलेल्या चादरींवर बसवून मला बोळातून पुढच्या कोपऱ्यावर नेतात. (हसू नका. मऊ असतं.)

आणि विहीणबाई, पहिल्यांदा उभी राहिले तो क्षण मी विसरणार नाही. शिट्टी झाली आणि सगळा रस्ता गप्प झाला. माझ्या एका बाजूला नळवाला, दुसऱ्या बाजूला न्यायाधीश, मागे पंतप्रधानांची सासू. गाडी वळणावर दिसली आणि सगळे हात एकदम वर गेले, जसं शेतावरून वारं गेलं. मीही हात वर केला. कोण पाहुणा होता मला आजही ठाऊक नाही. पण एवढी माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीने आनंदली आहेत आणि त्यांच्यात माझाही हात आहे, हे बघून मी दुसराही हात वर केला. चौथी शिकलेली बाई मी, देश म्हणजे काय असतं ते मला पुस्तकात कधी सापडलं नव्हतं.

समिती यायच्या आदल्या आठवड्यात गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मास्तरांनी रोज संध्याकाळी तालीम घेतली. सूनबाईंनी (तुमची लेक गुणाची आहे, हे मी तुम्हाला लिहून देते, तिला सांगू नका) नातीला नवा झगा शिवला. तो दोन्हीकडून घालता येतो, आत पिवळा, बाहेर निळा. तो दिवस उजाडला. आम्ही बेकरीच्या कोपऱ्यावर उभे. माझी ढकलगाडी मागे तयार, पण ढकलणारा लाँड्रीवाला नेमका कंबर धरून बसलेला. आता मला कोण नेणार? इतक्यात बाजूला तीन अनोळखी माणसं येऊन उभी राहिली. एक जाडसर, टक्कल असलेले, तपकिरी कोटातले. एक बारीक, गळ्याशी आवळलेला टाय. आणि तिसऱ्यांचा चेहरा हिरवा पडलेला. ते गाडी लागल्यामुळे लगेच बेकरीत लिंबूपाणी प्यायला गेले. त्यांचा या हकिगतीशी पुढे फारसा संबंध नाही, सुटले बिचारे.

मला वाटलं, कोणाचे तरी पाहुणे. मास्तरांनाही तेच वाटलं. ते बारीक गृहस्थांवर शिट्टी फुंकून ओरडले, “उभे काय राहिलात पाहुण्यासारखे? झेंडा कुठाय तुमचा?” आणि दोघांच्याही हातात एकेक झेंडा कोंबला. मी टकल्यांना विचारलं, “तुम्ही कोणाकडचे?” ते म्हणाले, “नाही, मी बाहेरचा...” मी म्हटलं, “बाहेरचा आजच्यापुरता आतला. दिसायला तर चांगले धडधाकट आहात. गाडी गेली की मला ढकलायचं. कोट काढा, उलटा करा.” ते म्हणाले, “पण बाई, हे कशासाठी?” मी म्हटलं, “समितीसाठी. समितीला दाखवायचंय की इथे माणसं मावत नाहीत.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, बारीक गृहस्थांकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात शिट्टी झाली. मग काय, शिट्टी झाल्यावर इथे कोणी बोलत नाही. काळी गाडी आली, काळ्या काचांची. आम्ही हात हलवले. टकल्यांनीही हलवला. मी त्यांना म्हटलं, “कोपरातून नको, खांद्यातून.”

मग पळापळ. मी चादरींवर, मांडीत आपली नात, आणि मागून ते गृहस्थ ढकलतायत. विहीणबाई, माणूस मोठा, पण ढकलणं कसं, तर चाकाखाली खडा आला तरी मला कळला नाही. बोळात लोक कोट फिरवतायत, टोप्या बदलतायत, न्यायाधीश नळवाल्याला म्हणतायत, “तुझी जरा घट्ट बसते रे.” नातीने ढकलणाऱ्या गृहस्थांना विचारलं, “आजोबा, तुम्ही का पळताय?” ते धापा टाकत म्हणाले, “बाळ, मलाही तेच कळत नाहीये.” ती म्हणाली, “का?” शाळेच्या कोपऱ्यावर गाडी जरा सावकाश आली. आतून काचेआड एक हात हळूच हलताना दिसला. लोकांनी असा जल्लोष केला! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर कोणी पाहुण्याने इतक्या मनापासून हात हलवला नव्हता. टकले गृहस्थ तेवढे तोंडावर रुमाल धरून उभे होते. मला वाटलं, भरून आलं असेल.

कारंज्याशी पंतप्रधान पुष्पगुच्छ घेऊन उभे. (बेकरीच्या कोपऱ्यावर तेही होते, मफलर लावून. माणसं कमी पडतात तिथे पद बघून चालत नाही.) गाडी थांबली, दार उघडलं, आणि बाहेर आला तो गणवेशातला ड्रायव्हर. पंतप्रधानांनी त्याच्या हातात पुष्पगुच्छ दिला आणि भाषण सुरू केलं. आमच्या या थोर, गजबजलेल्या, प्राचीन... ड्रायव्हर दोनदा ‘अहो साहेब’ म्हणाला, पण भाषणाला ब्रेक नसतो. शेवटी तो ओरडलाच, “अहो, मी नुसता गाडी चालवतो! आत सामान आहे. रस्ताभर लोक हात हलवायला लागले म्हणून मी हलवला, नाहीतर बरं नसतं दिसलं. साहेब लोक बेकरीच्या अलीकडेच उतरून चालत निघाले, एकाला मळमळत होतं.” मग त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि बोट दाखवलं. “ते बघा, साहेब तिथे आहेत.”

सगळ्या गावाने वळून बघितलं. समितीचे अध्यक्ष माझ्याशेजारी उभे होते. कोट हातात, डोक्यावर न्यायाधीशांची टोपी, खांद्यावर आपली नात, आणि हात रिकामे नाहीत म्हणून झेंड्याची काडी दातांत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा मी स्वतः काखेत मारून गावभर फिरवला होता. माझी तर दातखीळ बसली, आणि कवळी असताना ती बसली म्हणजे दोनदा बसते. मास्तरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. आता गेली राजधानी, आणि ती मी घालवली, एवढंच मनात होतं. अध्यक्षांनी काडी तोंडातून काढली, नातीला खाली ठेवलं आणि मला हळूच विचारलं, “आजी, यानंतर कुठला कोपरा?”

मी म्हटलं, “यानंतर नाही. आता चहा.”

दुपारी संसदेत सभा झाली. वरच्या सज्जात आम्ही सगळे. पहिले उठले ते बारीक गृहस्थ. म्हणाले, ही राष्ट्राची चक्क फसवणूक आहे. एका माणसाला तीन ठिकाणी दाखवणारं गाव उद्या आणखी कशाचे तीन करून दाखवील याचा नेम नाही. त्यांचा आवाज नीट येईना, माईक कुईकुई करायला लागला. मी मुलाकडे बघितलं. त्याचा अंगठा बटणावर. मी मनात म्हटलं, बंद कर रे बाळा, एकदाच बंद कर. आणि तुमच्या जावयांनी काय केलं असेल? उठून गेले, तार नीट केली, आणि त्या माणसाचा आवाज असा खणखणीत करून दिला की शिव्या मागच्या भिंतीपर्यंत पोचल्या! मला इतका राग आला. आणि राग येतानाच असंही वाटलं की हा माझाच मुलगा.

मग अध्यक्ष उठले. माईकशी उभे राहून आधी नुसताच श्वास घेतला, अजून धाप गेली नव्हती. म्हणाले, बेकरीच्या कोपऱ्यावर कोण कोण होतं, हात वर करा. सगळ्यांनी केले. शाळेशी? तेच हात. कारंज्याशी? पुन्हा तेच. आणि तिन्ही वेळा त्यांनी स्वतःचाही हात वर केला. खांद्यातून, मी शिकवलं होतं तसा! मग म्हणाले, “आयुष्यभर माझी स्वागतं झाली. गाडीत बसून मी कित्येकदा विचार करायचो की मी पुढे गेल्यावर ही माणसं कुठे जात असतील. आज कळलं, पुढच्या कोपऱ्यावर जातात.” सज्जात कोणीतरी हुंदका दिला. (मीच.) बारीक गृहस्थ मात्र टायला धरून अडून बसले. बराच वेळ दोघांचं टेबलाशी डोक्याला डोकं लावून चाललं होतं. तिसरे हिरवेच होते, ते दोघांनाही मान डोलावत होते.

निकाल असा की राजधानी तूर्त इथेच राहील. तूर्त! पुढच्या उन्हाळ्यात समिती पुन्हा येणार, न सांगता येणार, आणि बारीक गृहस्थांनी एक अट घालून घेतली: एक माणूस, एक कोपरा. तेव्हा जर तिन्ही कोपऱ्यांवर वेगवेगळी माणसं दिसली नाहीत, तर राजधानी तुमच्याकडे. त्यावर अध्यक्षांनी सही केली, त्या सुरीच्या खुणांवर कागद ठेवून. निघताना त्यांनी न्यायाधीशांची टोपी परत केली, आणि मला म्हणाले, आजी, त्या चादरींवर बसायचा मान कोणालाही मिळतो का? मी म्हटलं, आधी गुडघे दुखवून या.

असं झालं बघा सगळं. तुम्हाला वाईट वाटलं असेल, हे मला इथूनही दिसतं. सातव्या मजल्याची जागा कोणा भल्या माणसाला मिळो. व्याह्यांना ओव्याचा वाफारा द्या, घरातल्या मोठ्यांना माझा वाकून नमस्कार आणि लहानांना गालगुच्चा, फार जोरात नको.

तुमची,
तुमच्या लेकीची सासू (पण त्यातली नव्हे)

ताजा कलम: ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. मास्तर घरोघर फिरतायत. प्रत्येक घराने आपली नातलग माणसं इथे राहायला आणायची, नाहीतर तीन कोपरे भरत नाहीत. तेव्हा तुम्ही आणि व्याही कायमचेच या. तुम्ही दोघं म्हणजे दोन माणसं, आणि व्याही जरा पसरून उभे राहिले तर अडीच. तुमच्याच शहराला मिळणारी राजधानी तुम्हीच येऊन अडवा, असं सांगणं म्हणजे जरा अतीच, ते मला कळतं. पण विहीणबाई, लेक तुमच्याजवळ आली काय आणि तुम्ही लेकीजवळ आलात काय, मधलं अंतर तेवढंच. मागची खोली सकाळच्या उन्हाची आहे. जिना नाही.

आणखी एक ताजा कलम: सूनबाईंनी हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाल्या, दोन्ही आया एका घरात आल्या तर राजधानी राहील, मीच जाईन. मग आत गेल्या, आणि आता मागच्या खोलीची खिडकी उघडते का ते बघतायत. उघडत नव्हती, तेल घालतायत.

शेवटचा ताजा कलम, हा कोणाला दाखवू नका: नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला गाव गाडीतून आणणार असं ठरलंय, काळ्या गाडीतून, तिन्ही कोपरे, पूर्ण गर्दी. समितीचा नियम त्या दिवशी नाही, म्हणजे सगळे पळणार. पाहुण्याच्या शेजारी घरातलं एक माणूस बसतं. मुलगा म्हणाला, मी बसतो. मी म्हटलं, तू माईक सांभाळ. विहीणबाई, आजवर मी इतक्यांना हात हलवला, पण आतून ही गर्दी कशी दिसते ते मला माहीत नाही. तेव्हा राजधानीचं जाऊ द्या, लेकीचंही राहू द्या, तुम्ही एकदा याच. राहायचं नसेल तर नका राहू, परतीची गाडी संध्याकाळी असते. स्टेशनपासून संसदेपर्यंत आलात तरी माझं काम होईल. फक्त उजवी खिडकी माझी. गर्दी एकाच बाजूला असते, दोन्ही बाजूंना पुरेल एवढी माणसं अजून नाहीत.